उजवी पाकळी

समस्त भाऊबंद, चाळकरी, मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी आणि नाक्यावरचा चहावाला यांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, अस्मादिकांनी आज सकाळी चहा घेतला. एक कप. आल्याचा. साखर नेहमीइतकीच. घटनेचे गांभीर्य लक्षात घेऊन सर्वांनी शांतता राखावी व अफवांवर विश्वास ठेवू नये.

वहिनी, हे निवेदन खरं तर तुझ्यासाठी आहे. बाकी कुणाला त्याचं काही पडलेलं नाही. तुझ्या धाकट्या जावेने, शैलाने, माझ्यासमोर कप ठेवला आणि मी तो उचलून प्यायलो. तू आजारी पडलीस तेव्हा मी चहा सोडला होता. बरी झालीस की तुझ्याच हातचा पिईन, असं देवासमोर बोललो होतो. आता तू नाहीस, आणि तो शब्द कुणाकडे परत करायचा हे मला कुणी सांगत नाही. कप रिकामा झाला तेव्हा लक्षात आलं, चहा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही.

हसलीस ना? चहा सोडून मी कॉफी धरली होती हे तुला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. "भावजी, तुमच्या नवसाला मागचं दार आहे," असं तू चार पाहुण्यांसमोर म्हणाली होतीस. चारचौघांत तू मला 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणायचीस. स्वयंपाकघरात मात्र 'तू' आणि 'रे' आणि कधीकधी 'मेल्या'. दादाची बायको म्हणून या घरात आलीस तेव्हा मी नववीत होतो. महिन्याभरात तू माझी बीजगणिताची वही तपासायला घेतलीस आणि म्हणालीस, "ह्याला नाटकातच घाला." आयुष्यात माझ्याबद्दल इतकं अचूक निदान दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

तर, नवस. तुझा रिपोर्ट आला तेव्हा आपल्या घराने काय केलं, आठवतं? मी चहा सोडला. शैलाने गोड सोडलं. शेजारच्या मयेकरकाकूंनी नळावरची भांडणं सोडली, ती जेमतेम आठवडाभर टिकली. आणि दादा एकटाच गावाला गेला, देवळात उभा राहिला आणि ही बरी होईपर्यंत मासे खाणार नाही, असं सांगून परत आला.

दादाने मासे सोडणं ही काय चीज आहे ते मी तुला काय सांगणार. बसच्या वर्कशॉपमधला फिटर माणूस. डब्यात काय आहे हे झाकण उघडण्याआधी वासाने ओळखणारा. सोमवारचा उपवास आनंदाने करायचा, कारण मंगळवार पुढे दिसत असायचा. श्रावण संपत आला की त्याची चाल बदलायची. अशा माणसाने देवाला सगळ्यात मोठं काय देता येईल याचा विचार केला आणि ते दिलं. मला तेव्हा तो फार मोठा वाटला. अजूनही वाटतो.

फक्त एक गोष्ट आपल्या कुणाच्याच डोक्यात आली नाही. ज्या घरात प्रत्येक जण काही ना काही सोडून बसलाय, त्या घरात आजारी माणसाने खायचं काय?

पहिल्या दोन कीमो तशा बऱ्या गेल्या. आपलं हॉस्पिटल म्हणजे घरापासून चालत. आसामहून, बिहारहून आलेली माणसं बाहेरच्या फुटपाथवर चटई टाकून राहायची, आणि तू सलाइन संपवून दादाच्या हाताला धरून परळहून लालबागला चालत यायचीस, वाटेत भाजीचे भाव विचारत. मला वाटायचं, चालत जाऊन येण्यासारखा आजार आहे तर फार मोठा नसावा. माणूस काय काय हिशेब करतो.

मग तुझं तोंड आलं. जिभेवर, गालाच्या आतून फोड. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी, आंबट लागलं तरी तेच. ते बरे होतात न होतात तोच चव गेली. "जुनो पैसो चघळल्यासारखां लागता," तू म्हणायचीस. डाळ पैशासारखी, भात पैशासारखा, पाणीसुद्धा. स्टीलच्या चमच्याने तर ते दुप्पट व्हायचं. मी आइस्क्रीमवाल्याकडून लाकडी चमच्यांचा गठ्ठा आणून दिला. तू त्यातला एक हातात धरून म्हणालीस, "आता नाचणीची आंबील खाताना वाटेल की चौपाटीवर बसलेय." आणि तो चमचा तसाच वाटीत टाकून पडून राहिलीस.

हॉस्पिटलात आहार सांगणारी ती चष्मेवाली मुलगी होती. नाशिककडची. तिचं म्हणणं साधं होतं. एकदम पानभर जेवू नका, दर दोन तासांनी थोडंथोडं खा. पाणी उकळून गार केलेलं. कच्चं काही नको, वरून भुरभुरलेली कोथिंबीरसुद्धा नको. सोलकढी हवी तर नारळाचं दूध उकळून. अन्नाच्या वासाने मळमळत असेल तर गरम खाऊ नका, निवलं की वास कमी येतो. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. आणि मुख्य म्हणजे अंडी, मासे, डाळी. अंगात ताकद राहिली पाहिजे, वजन उतरता कामा नये, नाहीतर पुढची कीमो पुढे ढकलावी लागेल. तू मान डोलवत ऐकलंस आणि बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "चांगली मुलगी आहे रे. लग्न झालंय का तिचं?"

चाळीचा सल्ला अर्थातच वेगळा होता. कुणी गव्हांकुर आणले, कुणी पपईच्या पानांचा रस, कुणी बीट. कुणाच्या चुलत मेहुण्याला कसल्याशा मुळीने गुण आला होता. वर देवाचे प्रसाद. रक्तातल्या पेशी खाली आलेल्या असताना बाहेरचं पंचामृत, शिरा, ओल्या खोबऱ्याची खिरापत तुला चालणार नव्हती, आणि आणणाऱ्याला परत पाठवणं आपल्याला चालणार नव्हतं. तेव्हा तू मला तुझा अधिकृत प्रतिनिधी नेमलंस. दारात उभं राहून, दोन्ही हात पुढे करून, चेहऱ्यावर शक्य तितका आजार आणून, मी तुझ्या वाट्याचे सगळे प्रसाद खाल्ले. तुझं वजन उतरत होतं आणि माझी पँट बसत नव्हती. तू म्हणालीस, "निदान घरातलं एकूण तेवढंच राहतंय." मी ते सगळीकडे सांगत सुटलो. लोक हसायचे. मीही हसायचो. मला हसवणं येतं वहिनी, तेवढं एकच येतं, आणि त्या दिवसांत ते फार तोकडं पडत होतं.

मासे. त्यावरून गाडी अडली.

शैलाने मुडदुशी आणली. मुडदुशी म्हणजे बाळंतिणीचा, आजाऱ्याचा मासा, पांढरा, हलका, पोटाला न बाधणारा. मिरची नाही, कोकम नाही, हळद-मीठ घालून उकळलेल्या नारळाच्या दुधातली पातळ कढी केली. निवू दिली. तुझ्यासमोर ठेवली. दादा शेजारी डाळभात घेऊन बसला होता.

तू त्याच्या ताटाकडे बघितलंस. "तुमका?"

"माझा नवस हा."

"मग माका पण नको."

"तुका डाक्तरान सांगितल्यानी हा."

"त्यांनी खा म्हणून सांगितलां. तुमच्या पुढ्यात बसान खा म्हणून खंय सांगितल्यानी?" आणि वाटी सरकवलीस. शैलाने समजावलं, मी समजावलं. मी तर एक लांबलचक स्वगत म्हटलं, हातवाऱ्यांसकट. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "लग्न झाल्यापासून ह्या माणसाआधी मी मासा तोंडात घातला नाही. तो खातो ते बघून मला भूक लागते. तो डाळभात गिळतोय आणि मी शेजारी काटे काढत बसू? घशाखाली उतरणार नाही रे."

आम्हाला वाटलं, हट्ट आहे. दोन दिवसांत जाईल. गेला नाही. अंड्याचा वास तुला सोसेना, डाळीने पोट फुगायचं, पनीर तू 'रबर' म्हणून बाजूला काढलंस. त्या फेरीला डॉक्टरांनी वजन बघितलं, रक्त बघितलं आणि कीमो पुढे ढकलली. तू म्हणालीस, "बरं झालं, सुट्टी." दादा मात्र भिंतीला टेकून उभा राहिला. आपला दादा, जो कधी कशाला टेकत नाही.

मी त्याला गॅलरीत गाठलं. दाराच्या बिजागरीला तेल घालत होता. मी म्हटलं, "दादा, देवाला तुझे मासे नकोयत. तिला हवेयत."

"मी शब्द दिलंय."

"ती बरी व्हावी म्हणूनच दिलास ना? मग तुझ्या शब्दाने ती उपाशी राहतेय त्याचं काय?"

तो तेल घालत राहिला. मग म्हणाला, "आणि शब्द मोडलंय नि तिका काय झालां, तर भरून तू देशील?"

मी पस्तीस वर्षं मंडळाच्या स्टेजवर उभा राहतोय. वाक्य विसरलो तरी दुसरं सुचतं. त्या दिवशी गॅलरीत मी नुसती त्याची तेलाची बाटली धरून उभा राहिलो.

शेवटी तोडगा सुचला तो असा की, ज्याला शब्द दिलाय त्यालाच विचारू. कौल लावू. गावच्या देवळात पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाण्याने फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि थांबायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाची परवानगी. डावी पडली तर नाही. आजोबांच्या काळापासून लग्न, जमीन, नोकरी सगळं आपण असंच विचारत आलो. फक्त तुला त्या अवस्थेत गावाला नेता येत नव्हतं आणि दादा तुला सोडून जायला तयार नव्हता. म्हणून मी गुरवांना फोन केला आणि म्हटलं, व्हिडिओवर लावाल का?

गुरवांनी आधी तुझी चौकशी केली. मग म्हणाले, "देवाचा काय जाता? रेंज व्हयी."

रविवारची सकाळ होती. आठवतं ना तुला सगळं? साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. दादाने आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, फोनसमोर उदबत्ती लावली. धूर सगळा त्या कॅमेऱ्यावर. पलीकडे गुरवांच्या सुनेने फोन धरलेला, त्यामुळे आधी बराच वेळ आपल्याला देवळाचं छप्पर दिसलं, मग एक कोंबडी, मग देव. गुरवांनी आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू मुंबयत आसा. बायलेच्या दुखण्यापायी तेणां मासो सोडल्यान. आता डाक्तर म्हणतत, खावक व्हयो. तर तेका शब्दातसून मोकळो करूक तुझी राजी आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आपण सगळे म्हणालो. भिंतीपलीकडून मयेकरकाकूही म्हणाल्या. मला हसू आवरेना, आणि तू माझ्या पायावर चिमटा काढलास. इतक्या रोड झालेल्या बोटांत इतका जोर कुठून आला होता, कोण जाणे.

मग वाट बघणं. दादा डोळे मिटून, हात जोडून. त्याचा चष्मा कपाटावर. शैला ओट्यापाशी. फोनच्या सगळ्यात जवळ तू. मी तुझ्या मागे. काळा पाषाण, त्याला चिकटलेल्या दोन लाल पाकळ्या. आणि गुरव काहीतरी बोलायला तोंड उघडतात तेवढ्यात चित्र थांबलं. गुरवांचं तोंड उघडंच. पाकळ्या जिथल्या तिथे. मध्ये ते गोल फिरणारं चक्र.

मला तरी तेवढंच दिसलं.

तू पुढे वाकलीस. फोन उचलून जवळ घेतलास. आणि अगदी रोजच्या आवाजात, दूध उतू गेलं की सांगतात तसं, म्हणालीस, "उजवी. पडली बघा उजवी." आणि फोन बंद केलास.

दादाने डोळे उघडले. तुझ्याकडे बघत राहिला. "तू बघितलंस?"

"डोळे शाबूत हत माझे अजून."

मी पुन्हा फोन लावू का विचारलं. दादाने मला गप्प केलं. देवाला एकदा विचारायचं, दोनदा विचारलं तर त्याच्या उत्तरावर विश्वास नाही असा अर्थ होतो. झालं. शैलाने मासे सकाळीच आणून ठेवले होते. तिचा देवावर जास्त विश्वास होता की कोळणीवर, हे मी अजून विचारलेलं नाही.

ते जेवण मला मरेपर्यंत पुरेल वहिनी. दादाने पहिला घास घेतला आणि चावायचं थांबला. डोळे मिटले. मग गिळला आणि दुसऱ्या घासासाठी भात कालवला. तू त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होतीस, आणि बघता बघता तुझा हात तुझ्या वाटीत गेला. बोटांना मुंग्या यायच्या तुझ्या, टोकं बधिर झालेली, काटा लागला तरी समजायचा नाही. दादाने न विचारता काटे काढून तुकडे तुझ्याकडे सरकवायला सुरुवात केली. तू ते खात होतीस आणि बघत होतीस त्याच्याकडे. तुझ्या जिभेला तेव्हाही पैशाचीच चव येत असणार. तू त्याची जीभ उसनी घेऊन जेवत होतीस.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. आजारात चांगले म्हणतात तसे. सकाळी निवलेली पेज, मग अंड्याचा पांढरा भाग कसातरी, दुपारी मुडदुशी नाहीतर पापलेटाचा मऊ तुकडा, संध्याकाळी आंबील. वजन थांबलं, मग थोडं चढलं. कीमो वेळेवर झाल्या. तुझ्या डोक्यावर कोवळे केस आले. ते आरशात बघून तू म्हणालीस, "नवरी होते तेव्हाही एवढे मऊ नव्हते." दादा ते ऐकून उगाचच पंखा दुरुस्त करायला स्टुलावर चढला.

आणि याच दिवसांत आपलं ते भांडण सुरू झालं. तू लसूण सोलत होतीस, बोटांना व्यायाम म्हणून, आणि मी विचारलं, "वहिनी, खरंच पडली होती का गं?"

"काय?"

"पाकळी. मला तर चित्र थांबलेलं दिसलं."

"मग थांबलां आसतलां."

"म्हणजे पडली नाही?"

"मी म्हटलं ना, पडली."

"थांबलेल्या चित्रात?"

तू लसूण सोलत राहिलीस. मग म्हणालीस, "दादा तुझा किती बारीक झाला होता, बघितलं होतंस? माझ्या वजनाचा कागद सगळे बघायचे. त्याचा कुणी काढला होता?"

मी बघितलं नव्हतं. आम्ही सगळे तुझ्याकडे बघत होतो, आणि तू त्याच्याकडे. मी म्हटलं, "पण वहिनी, देवाच्या नावावर—"

"देव मधल्यामधी लटकान रवलो," तू म्हणालीस, "तर घरातल्या बाईन काय करूचां?" आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक करून हसलीस. "आणि पडली होती. मी बघितलंय."

त्यानंतर मी तुला अनेकदा विचारलं. वेगवेगळ्या आवाजांत विचारलं, वकील होऊन विचारलं, गुरव होऊन विचारलं. कधी म्हणालीस पडली, कधी म्हणालीस तुला काय करायचंय, कधी नुसतीच हसलीस. मला वाटलं, वेळ आहे. कधीतरी बेसावध पकडीन.

मग पुन्हा ते दुखणं पोटात दिसलं. औषध बदललं, दुसरं घेतलं, तेही अंगाला लागेना. एके दिवशी डॉक्टरांनी दादाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आता काही पथ्य नको, त्यांना आवडेल ते द्या. या वाक्याचा अर्थ परळमध्ये सगळ्यांना माहीत असतो. बाहेरच्या भेळवाल्यालाही माहीत असतो. इतके दिवस आपल्या घरात 'हे नको, ते नको, कच्चं नको, बाहेरचं नको' चाललेलं. आता सगळं चालणार होतं आणि तुला काही नको होतं. शैलाने विचारलं, मयेकरकाकूंनी विचारलं, मी तर हॉटेलातला वेटर होऊन खांद्यावर फडकं टाकून सगळी यादी म्हणून दाखवली. तू म्हणालीस, "रे, पाय दुखतील तुझे. बस." आणि बर्फाचा एक तुकडा मागितलास. तो जिभेवर ठेवून डोळे मिटलेस. तेवढा एक तुकडा तुला गोड लागला. मी बघितलंय.

त्याच आठवड्यात दादा माझ्याकडे आला. मी दाढी करत होतो. तो दारात उभा राहून म्हणाला, "त्या दिवशी उजवीच पडली ना?"

"वहिनीने बघितलं," मी म्हटलं.

"ता माका म्हायत आसा. तू काय बघितलंस?"

अर्ध्या गालाला साबण लावून उभा होतो. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, इतक्या भूमिका केल्या, आणि नेमक्या त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर मला खरं तेच बोलता आलं. "चित्र थांबलं होतं दादा. मला दिसलं नाही."

त्याने मान हलवली आणि गेला. त्या दिवसापासून त्याने मासे खाल्ले नाहीत. पुन्हा नवस केला नाही, नुसतं पान वाढलं की मासा बाजूला ठेवायचा. तुझ्या ध्यानात आलं होतं का? बहुतेक आलं होतं. एकदा तू त्याच्या मनगटाला हात लावून काहीतरी पुटपुटलीस. तो खाली वाकला. काय म्हणालीस ते त्यालाच ठाऊक. मग तू गेलीस.

तुझ्यासाठी रडलो, ते सांगत बसत नाही. पण या सगळ्या दिवसांत मी घाबरलो होतो तो दादासाठी. तो भेटायला आलेल्यांशी बोलायचा, पाणी द्यायचा, हिशेबाने सगळं करायचा, आणि मधेच देव्हाऱ्याकडे बघत उभा राहायचा. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला न सांगता कळत होतं. शब्द मोडला आणि तिला काय झालं तर. गॅलरीतलं ते वाक्य. मी त्याला काय सांगणार होतो? की शब्द मोडला म्हणून ती इतके महिने जेवली? की आजार आजारासारखाच वागला, पाकळीचा त्यात काही संबंध नाही? मी हे मनात किती वेळा पाठ केलं. त्याच्यासमोर गेलो की विचारायचो, पाणी आणू का. गुरवांचा नंबर माझ्याकडे आहे. त्या दिवशी तिथे, त्या देवळात, खरंच काय झालं हे त्यांना विचारता येईल. मी विचारलेलं नाही. तू जे सांगितलंस त्यावर दुसऱ्याची सही घ्यायला माझं मन धजत नाही.

तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. त्यानंतर आपल्याकडची रीत, घरच्यांना पुन्हा मासे खाऊ घालून दुखवटा उतरवायचा. काल दुपारी शैला आणि मयेकरकाकूंनी स्वयंपाक केला. सुरमई आणली होती. सगळं घर त्या वासाने भरलं, आणि तरी कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. रीत अशी की आधी ज्याचं माणूस गेलं त्याने तोंडात घालायचं, मग इतरांनी. दादाने नाही घातलं तर आम्ही कुणीच जेवणार नव्हतो. पण प्रश्न आमच्या जेवणाचा नव्हता. त्याने ते पान सरकवलं, तर तो यापुढे जन्मभर तुझ्या जाण्याचा दोष स्वतःच्या माथी घेऊन जगणार, हे आम्हा प्रत्येकाला ठाऊक होतं.

शैला वाढायला आली. तिने दादाला भात वाढला, वर कालवण घातलं, आणि मग पातेल्यातला अगदी लहान, शेपटीकडचा तुकडा निवडून त्याच्या पानात ठेवला. नको असेल तर बाजूला काढताना त्याला जड जाऊ नये म्हणून. मयेकरकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीकडे बघू लागलो.

दादा पानाकडे बघत राहिला. मग मान वर करून, शैलाकडे बघून, आयुष्यभर वर्कशॉपात बोलला त्या आवाजात, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा म्हणाला, "एवढोच तुकडो? मी काय आजारी आसंय?"